वर्डप्रेसचा फोल्डर हलवला अन् प्लगइन बंद पडले, भावाचा तक्ता येईना, मदत करा

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाईट मी बघतो, वर्डप्रेसवर आहे, बरीच जुनी. साईटवर मेन काम एकच, रोज मोंढ्यात सौदा निघाला की सोयाबीन, तूर, हरभरा यांचा भाव टाकायचा. लोक सकाळी कट्टे टेम्पोत भरायच्या आधी मोबाईलवर तो तक्ता बघतात, म्हणून मला लई काळजी लागलीय.

झालं असं की मागच्या महिन्यात एकानं सांगितलं की वर्डप्रेसच्या कंटेंट फोल्डरचं नाव बदललं की हॅकरला साईट सापडत नाही. मी रविवारी बसून केलं. वर्डप्रेसच्या मूळ फाईली 'कोअर' नावाच्या फोल्डरमधे टाकल्या आणि डब्ल्यूपी-कंटेंट (फोटो, थीम, प्लगइन असतात तो कंटेंट फोल्डर) कॉपी करून त्या कॉपीला 'साहित्य' नाव दिलं (इंग्रजी अक्षरातच). जुना डब्ल्यूपी-कंटेंट अजून तसाच पडून आहे, भीतीनं काढला नाही. कॉन्फिग फाईलमधे (साईटची मूळ सेटिंग असते ती) दोन ओळी पण टाकल्या. साईट उघडते, लॉगिन होतं, पण प्लगइनचं (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) काहीच चालंना. फॉर्मची सगळी खोकी डावीकडं एकाखाली एक आलीत, स्लायडर हलंना, भावाच्या तक्त्यात नुसतं गोल चक्कर फिरायलंय. प्लगइनच्या यादीत मात्र सगळे ॲक्टिव्हच दिसायलेत. सहाच्या सहा काढून परत टाकू का? नवा माल यायलाय, दिवसाला पंधरा-वीस फोन यायलेत.

(मोबाईलवरून लिहायलोय, कीबोर्ड मराठीच आहे. कोडमधली नावं देवनागरीत लिहितो, तुम्ही इंग्रजीत समजून घ्या.)

---

गोदाकाठ_नांदेड

भाऊ आधी एक करा, काहीच काढू नका आणि काहीच नवीन टाकू नका. होस्टिंगच्या पॅनलमधून फाईल आणि डेटाबेस दोन्हीचा बॅकअप आत्ताच्या आत्ता घ्या, बिघडलेल्या अवस्थेचा का असंना पण घ्या.

मग कॉम्प्युटरवर साईट उघडून एफ बारा दाबा, नेटवर्क नावाचा टॅब आहे तिथं जा आणि पान रिफ्रेश करा. लाल रंगात 404 दिसतील, म्हणजे मागितलेली फाईल सापडली नाही. त्यातल्या एकाचा पूर्ण पत्ता इथं टाका, डोमेनचं नाव झाकून. प्लगइन ॲक्टिव्ह दिसतात म्हणजे सर्व्हरला फाईली सापडायल्यात, ब्राउझरला सापडंनात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथंच लोक गल्लत करतात.

---

मांजराकाठ

बॅकअप घेतला. लाल ओळी 23 आल्या. पत्ता असा आहे, डोमेन / कोअर / डब्ल्यूपी-कंटेंट / प्लगइन्स / मग प्लगइनचं नाव / सीएसएस फाईल (पानाची मांडणी ठरवते ती). आणि कन्सोलमधे लिहून आलंय की स्टाईल लावायला नकार दिला कारण माईम टाईप (फाईलचा प्रकार) टेक्स्ट एचटीएमएल आहे.

पण कोअरमधे डब्ल्यूपी-कंटेंट नावाचा फोल्डरच नाही माझ्याकडं! तो पत्ता आला कुठून?

---

गोदाकाठ_नांदेड

तुमच्या या एका ओळीतच सगळं उत्तर आहे बगा.

वर्डप्रेसला कंटेंट फोल्डरबद्दल दोन गोष्टी लागतात. एक, सर्व्हरच्या डिस्कवर तो कुठं आहे, त्यासाठी डब्ल्यूपी_कंटेंट_डीआयआर. दोन, ब्राउझरनं तो कुठल्या पत्त्यावर मागायचा, त्यासाठी डब्ल्यूपी_कंटेंट_यूआरएल. ही सोय 2008 साली 2.6 आवृत्तीत आली, म्हणजे जुनी आणि पक्की आहे, त्यात बिघाड नाही. दुसरी गोष्ट सांगितली नाही तर वर्डप्रेस स्वतःच ठरवतं, वर्डप्रेस ॲड्रेस घेतं आणि त्याच्यापुढं डब्ल्यूपी-कंटेंट जोडतं. तुमचा वर्डप्रेस ॲड्रेस आता डोमेन/कोअर झालाय, त्याच्यापुढं डब्ल्यूपी-कंटेंट जोडलं की तुमचा लाल पत्ता तयार. तिथं फाईल नाही, म्हणून वर्डप्रेसनं आपलं "पान सापडलं नाही" वालं एचटीएमएल पाठवलं आणि ब्राउझर म्हणला मी सीएसएस मागितली होती, हे काय दिलं. ती माईम टाईपची ओळ त्याचीच.

म्हणजे डीआयआर वाली ओळ लागू झालीय, यूआरएल वाली झाली नाही. तुम्ही तर म्हणता दोन्ही टाकल्या. कुठं टाकल्या?

---

मांजराकाठ

पहिली डेटाबेसच्या पासवर्डखाली टाकली. दुसरी फाईलच्या एकदम शेवटी, सगळ्यात खाली.

---

बीडकर_पीएचपी

सापडलं. शेवटची ओळ डब्ल्यूपी-सेटिंग्ज फाईल बोलावते, तिथून पुढं अख्खं वर्डप्रेस चालू होतं. त्याच्याखाली लिहिलेलं म्हणजे वरात मंडपात पोचल्यावर पत्रिका वाटल्यासारखं आहे. तोपर्यंत वर्डप्रेसनं स्वतःची व्याख्या करून टाकलेली असते, पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) फक्त "हा कॉन्स्टंट (एकदाच ठरवता येणारी किंमत) आधीच डिफाइन झालाय" अशी वॉर्निंग देतं आणि लाईव्ह साईटवर ती वॉर्निंग दिसत पण नाही. त्या फाईलमधे इंग्रजीत कमेंट असते बघा, इथं एडिटिंग थांबवा अशा अर्थाची, ती उगाच नाही. दोन्ही ओळी त्या कमेंटच्या वर आणा.

अजून दोन बारीक गोष्टी. दोन्हीच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची नाही. आणि डीआयआर लिहिताना एबीएसपाथ वापरू नका, तुमच्याकडं एबीएसपाथ म्हणजे कोअर फोल्डर आहे, साहित्य त्याच्या बाहेर आहे. अंडरस्कोर अंडरस्कोर डीआयआर अंडरस्कोर अंडरस्कोर वापरा, म्हणजे कॉन्फिग फाईल जिथं आहे तिथून मोजलं जाईल.

---

मांजराकाठ

फॉर्म आला!! स्लायडर पण हलायला लागला. दोन दिवस मी प्लगइनलाच दोष देत होतो. लई उपकार झाले दोघांचे.

पण भावाचा तक्ता अजून तसाच, चक्कर फिरायलंय. हा प्लगइन बाजारातला नाही, 2015 च्या आसपास एका पोरानं आम्हाला बनवून दिलता, तो आता पुण्यात नोकरीला आहे, फोन उचलतो पण वेळ नाही त्याला. नेटवर्क टॅबमधे आता एकच लाल ओळ आहे, 404 नाही, 500 आहे, म्हणजे सर्व्हरवरच चूक. डीबग लॉग (वर्डप्रेसची चुकांची नोंद) चालू केला तर त्यात या चुकीचं काहीच येईना.

---

जालन्याची_ताई

मी या कामात 12 वर्षं आहे, हा प्रकार जुन्या घरगुती प्लगइनमधे सारखा दिसतो. त्या 500 वाल्या ओळीचा पत्ता थेट प्लगइनच्या फोल्डरमधल्या एखाद्या पीएचपी फाईलचा आहे का? असेल तर ती फाईल उघडून पहिल्या चार ओळी वाचा. ठिपका ठिपका तिरकी रेघ असं तीनदा आणि पुढं डब्ल्यूपी-लोड (वर्डप्रेस चालू करणारी फाईल) लिहिलेलं सापडंल.

आणि डीबग लॉगमधे येणार नाही कारण वर्डप्रेस चालू व्हायच्या आधीच ती फाईल मरतेय. तिची चूक सर्व्हरच्या स्वतःच्या एरर लॉगमधे जाते. बऱ्याच होस्टिंगवर त्याच फोल्डरमधे एरर_लॉग नावाची फाईल तयार होते, ती बघा.

---

मांजराकाठ

ताई अगदी तसंच आहे, तीन वेळा ठिपके आणि डब्ल्यूपी-लोड. एरर लॉगमधे पण तेच, फाईल उघडता आली नाही.

मी साहित्य / प्लगइन्स मधे जाऊन ती ओळ बदलली, कोअर जोडला. काही फरक नाही. परत बदलली. सगळी फाईल रिकामी करून बघितली तरी तेच 500, तीच चूक. मला काही उमजंना, रिकामी फाईल चूक कशी देईल?

---

जालन्याची_ताई

रिकामी फाईल चूक देत नाही दादा, म्हणजे चालतेय ती फाईल वेगळी आहे. पहिल्या पोस्टमधे तुम्ही म्हणलात जुना डब्ल्यूपी-कंटेंट पडून आहे. त्या प्लगइनच्या जावास्क्रिप्टमधे पत्ता हातानं लिहिलेला असणार, तिरकी रेघ डब्ल्यूपी-कंटेंट तिरकी रेघ प्लगइन्स असा. ब्राउझर जुन्या फोल्डरमधली फाईल मागतोय आणि तुम्ही नव्या फोल्डरमधली दुरुस्त करताय.

फोल्डर हलवताना कॉपी ठेवली की हे होतंच. जुन्या फोल्डरचं नाव बदलून बघा, काढू नका, नुसतं पुढं "जुना" लावा. मग काय काय तुटतंय ते एकदा उघडं पडंल. रात्री करा.

---

मांजराकाठ

केलं. रात्री 11 ला नाव बदललं अन् बातम्यांमधले सगळे फोटो गेले, माती परीक्षणाचे पीडीएफ पण गेले. म्हणजे इतके दिवस ते जुन्या फोल्डरमधूनच येत होते.

मग मी पीएचपी-माय-ॲडमिनमधे जाऊन डब्ल्यूपी-कंटेंटच्या जागी साहित्य असं सगळ्या टेबलात रिप्लेस मारलं. फोटो आले. पण स्लायडर आता कोरा झालाय, थीमची सेटिंग पण उडाली, लोगो नाही, फूटरमधला पत्ता नाही. आता कामून असं?

---

बीडकर_पीएचपी

अरेरे, विचारून करायचं होतं भाऊ. पण बॅकअप आहे, घाबरू नका.

कारण सांगतो, नीट वाचा, हे एकदा कळलं की जन्मभर कामाला येतं. स्लायडर, थीम, विजेट यांची सेटिंग डेटाबेसमधे एका लांब ओळीत गुंडाळून ठेवलेली असते, सिरियलाइज केलेली म्हणतात. त्या ओळीत प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते, की पुढं इतकी बाइट आहेत. डब्ल्यूपी-कंटेंट इंग्रजीत 10 अक्षरं, साहित्य 7. तुम्ही मजकूर 3 नं लहान केला पण आधी लिहिलेला आकडा तसाच राहिला. पीएचपी ती ओळ उलगडताना आकडा आणि मजकूर जुळंना म्हणून अख्खी गुंडाळी टाकून देतं आणि प्लगइनला वाटतं सेटिंग कधी केलीच नव्हती.

हातानं आकडे दुरुस्त करू म्हणाल तर नका. मोजमाप अक्षरात नसतं, बाइटमधे असतं. देवनागरीत एकेका अक्षरचिन्हाला 3 बाइट लागतात आणि काना मात्रा वेलांटी सगळी वेगळी मोजली जातात. "सोयाबीन" आपल्याला चार अक्षरी शब्द वाटतो, तिथं तो 21 बाइट आहे.

कालचा डेटाबेस परत घ्या. मग एसएसएच (सर्व्हरवर थेट कमांड चालवायची सोय) असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय या साधनाची सर्च-रिप्लेस कमांड वापरा, ती गुंडाळी उलगडून, बदलून, लांबी नव्यानं लिहून परत गुंडाळते. आधी ड्राय-रन लावून चालवा, नुसतं किती ठिकाणी बदलेल ते सांगंल. आणि जीयूआयडी नावाचा कॉलम वगळा, ती पोस्टची कायमची ओळख असते. एसएसएच नसेल तर बेटर सर्च रिप्लेस नावाचा फुकटचा प्लगइन हेच काम करतो, त्यातही ड्राय-रनची सोय आहे.

---

परभणीकर

मधेच बोलतो, माफी असावी. रिप्लेस करताना नुसतं "डब्ल्यूपी-कंटेंट" हा शब्द बदलू नका. एखाद्या लेखात कुणी तो शब्द मजकूर म्हणून लिहिला असंल तर तोही बदलंल. डोमेनसहित पूर्ण पत्ता घाला, जुना पूर्ण पत्ता ते नवा पूर्ण पत्ता. आणि एचटीटीपी व एचटीटीपीएस दोन्ही वेगवेगळे चालवा, जुन्या साईटवर अर्ध्या पोस्टमधे एस नसतो.

---

मांजराकाठ

डेटाबेस परत घेतला. चौकशीच्या फॉर्मवर आज आलेल्या 4 नोंदी आधी वहीत उतरवून ठेवल्या, नाहीतर गेल्या असत्या. होस्टिंगवर एसएसएच नाही म्हणून प्लगइननं केलं, परभणीकर म्हणले तसं पूर्ण पत्ता घालून, दोन वेळा. ड्राय-रनमधे 612 ठिकाणं दाखवली, मग खरं चालवलं. फोटो आहेत, स्लायडर आहे, लोगो आहे, पीडीएफ उघडतात. जुन्या फोल्डरचं नाव बदललेलंच आहे.

राहिला भावाचा तक्ता. जावास्क्रिप्टमधे ताई म्हणल्या तसा पत्ता हातानं लिहिलेला सापडला, तिथं साहित्य लिहिलं आणि पीएचपीमधे कोअर लिहिलं तर चालंल का?

---

जालन्याची_ताई

चालंल, पण करू नका असं मी हात जोडून सांगते. उद्या कुणी परत फोल्डर हलवला किंवा साईट सबडोमेनवर नेली की परत हाच धागा. तुटलेला पत्ता दुरुस्त करायचा नसतो, पत्ता लिहायचाच नसतो, वर्डप्रेसला विचारायचा असतो. प्लगइनच्या फोल्डरचा डिस्कवरचा रस्ता हवा तर प्लगइन_डीआयआर_पाथ, ब्राउझरसाठी पत्ता हवा तर प्लगइन्स_यूआरएल, अपलोडसाठी डब्ल्यूपी_अपलोड_डीआयआर. ज्या प्लगइननी हे विचारून घेतलं ते तुमच्याकडं कॉन्स्टंट वर नेल्याबरोबर आपोआप चालू झाले, ज्यानं गृहीत धरलं तोच एकटा अडकलाय.

आणि डब्ल्यूपी-लोड बोलावणं बंदच करा. त्यासाठी वर्डप्रेसनं ॲडमिन-एजॅक्स नावाची फाईल दिलीय, तिचा पत्ता ॲडमिन_यूआरएल हे फंक्शन देतं. डब्ल्यूपी_लोकलाइज_स्क्रिप्टनं तो पत्ता जावास्क्रिप्टला द्या, भाव काढायचं काम एका फंक्शनमधे टाका आणि ते डब्ल्यूपी_एजॅक्स हुकला (वर्डप्रेसमधे आपलं काम अडकवायची जागा) जोडा. हुक दोन असतात. नुसता डब्ल्यूपी_एजॅक्स हा लॉगिन असलेल्यांसाठी, डब्ल्यूपी_एजॅक्स_नोप्रिव्ह हा बाहेरून येणाऱ्यांसाठी. तुमचे शेतकरी लॉगिन करत नाहीत, दोन्ही जोडा.

---

मांजराकाठ

ताई, काल रात्री एकपर्यंत बसलो, तुम्ही सांगितल्यासारखं केलं. तक्ता आला. पण सोयाबीनच्या रकान्यात 42500 दिसायलंय. मी टाकला होता 4250. तुरीला पण एक शून्य जास्त, हरभऱ्याला पण. ॲडमिनमधे बघितलं तर भाव बरोबर आहे, डेटाबेसमधे बरोबर आहे. साईटवरच शून्य वाढतंय. मी घाबरून तक्ताच लपवून ठेवला, सकाळी कुणी बघितला असता तर मोंढ्यात भांडण झालं असतं.

---

जालन्याची_ताई

लपवलात ते फार चांगलं केलं.

तुमच्या फंक्शननं भाव छापल्यावर तिथंच थांबायला सांगितलं नाही. ॲडमिन-एजॅक्स फाईलच्या शेवटी वर्डप्रेस स्वतःहून एक 0 छापतं, म्हणजे "इथपर्यंत आलं तरी कुणी काम संपवलं नाही" अशी खूण. तुमचा प्लगइन एकेका मालाचा नुसता आकडा मागवतो, त्यामुळं ते शून्य आकड्याला चिकटलं. भाव छापल्यानंतरच्या ओळीत डब्ल्यूपी_डाय लिहा. खरं तर डब्ल्यूपी_सेंड_जेसन_सक्सेस वापरा, ते स्वतःच थांबतं आणि आकडा पण नीट बांधून जातो, पण मग जावास्क्रिप्टमधे वाचायची ओळ बदलावी लागंल.

आणि इनकॉग्निटोमधे उघडून बघितलं का? लॉगिन असताना बघू नका.

---

मांजराकाठ

डब्ल्यूपी_डाय टाकलं, 4250 आलं. इनकॉग्निटोमधे मात्र सगळीकडं नुसतं 0. नोप्रिव्ह वाली ओळ मी टाकलीच नव्हती, वाचताना सुटली होती. आता टाकली, आता दोन्हीकडं बरोबर आहे. वडिलांच्या मोबाईलवर पण बघितलं, ते म्हणले हां आता मोंढ्यातला भाव आन् हा एकच आहे.

---

संभाजीनगरचा_होस्टवाला

उशिरा आलो धाग्यावर. या लोकांनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण दोन ठिकाणं कुणी काढली नाहीत म्हणून लिहितो, कारण ती आज दिसत नाहीत, आठ दिवसांनी दिसतात.

एक म्हणजे कॅश, म्हणजे पान लवकर उघडावं म्हणून साठवलेली प्रत. कॅशचा प्लगइन कंटेंट फोल्डरमधे ॲडव्हान्स्ड-कॅश नावाची एक फाईल टाकून ठेवतो आणि त्यात बऱ्याचदा जुना पूर्ण रस्ता लिहिलेला असतो. कधी कधी कॉन्फिग फाईलमधेही एक ओळ टाकलेली असते. कॅशचा प्लगइन बंद करा, ती फाईल आणि कॅशचा फोल्डर काढा, कॉन्फिगमधली त्याची ओळ बघा आणि मग परत चालू करा. आणि भावाचं पान कॅशमधून वगळा, नाहीतर लोकांना कालचा भाव दिसंल.

दुसरं, सिक्युरिटीचा प्लगइन आहे का? असेल तर साईटच्या मुळाशी डॉट यूजर डॉट आयएनआय नावाची लपलेली फाईल बघा. त्यात ऑटो_प्रीपेंड_फाईल असं काही असेल तर तो सर्व्हरचा पूर्ण रस्ता असतो. त्या रस्त्यावरची फाईल हलली की एकूण एक पान पांढरं पडतं, ॲडमिन पण उघडत नाही. माझ्या एका गिऱ्हाईकाचं असं झालं, मी ओळ काढली तरी साईट येईना, अर्धा तास दुसरीकडंच शोधत बसलो. पीएचपी ती फाईल दर वेळी वाचत नाही, डिफॉल्टनं 300 सेकंद लक्षात ठेवतं. ओळ काढून पाच मिनिटं थांबायचं होतं इतकंच.

---

हिंगोली_विद्यार्थी

सर मी शिकायलोय अजून, एक विचारू का. मी पण लॅपटॉपवर फोल्डर बदलून बघितला, तिथं सगळं चाललं, सर्व्हरवर टाकलं की प्लगइनचे आयकॉन गायब. कॉन्स्टंट दोन्ही वरच आहेत.

---

संभाजीनगरचा_होस्टवाला

लॅपटॉपवर विंडोज असणार. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच, लिनक्स सर्व्हरला दोन वेगळे फोल्डर. तुझ्या फोल्डरचं नाव आणि कॉन्फिगमधलं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघ. सगळं स्मॉलमधे ठेवायची सवय लाव. फोल्डरला 755 आणि फाईलला 644 परमिशन आहे का तेही बघ, 777 कुणी सांगितलं तरी देऊ नकोस.

---

हिंगोली_विद्यार्थी

हो सर, फोल्डरच्या नावातला पहिला ए कॅपिटल होता. झालं. धन्यवाद.

---

मांजराकाठ

होस्टवाले दादा, डॉट यूजर डॉट आयएनआय नाही आमच्याकडं. कॅशचं केलं तुम्ही म्हणलात तसं. एक नवीन दिसलं, फॉर्मवरची बटणं इंग्रजीत झालीत. आधी "पाठवा" होतं, आता सबमिट. आमच्या लोकांना ते कळत नाही असं नाही पण आधी मराठीत होतं.

---

बीडकर_पीएचपी

कंटेंट फोल्डरमधे लँग्वेजेस नावाचा फोल्डर असतो, त्यात प्लगइन्स नावाचा अजून एक. मराठीच्या फाईलींच्या नावात शेवटी एमआर असतं. कॉपी करताना तो फोल्डर राहिला असंल. जुन्या, नाव बदललेल्या फोल्डरमधून उचलून साहित्यमधे टाका. किंवा डॅशबोर्डच्या अपडेट्समधे खाली भाषांतरं अपडेट करायचं बटण आहे का बघा. पण तुमच्याच कुणी हातानं केलेलं भाषांतर असेल तर ते तिथून येणार नाही, ते जुन्या फोल्डरमधूनच घ्यावं लागंल.

---

मांजराकाठ

राहिलाच होता तो फोल्डर. टाकला, "पाठवा" परत आलं.

आता एक विचारतो, मनापासून सांगा. हे नाव बदलून माझी साईट खरंच सुरक्षित झाली का? का परत होतं तसं करून टाकू?

---

गोदाकाठ_नांदेड

मनापासूनच सांगतो. नाही झाली. कंट्रोल यू दाबून पानाचा सोर्स बघा, त्यात साहित्य हे नाव दिसंल. फोटोचा पत्ता ब्राउझरला सांगावाच लागतो, मग लपलं काय? साईट फुटतात त्या बहुतेक वेळा जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगइनमुळं आणि सोप्या पासवर्डमुळं. तुमच्या त्या 2015 च्या प्लगइनमधे थेट बाहेरून चालणारी पीएचपी फाईल होती, माझ्या मते तुमच्या साईटवरची खरी उघडी खिडकी ती होती, आणि ती तुम्ही परवा रात्री बंद केली. न वापरलेले प्लगइन काढून टाका, नुसते डीॲक्टिव्हेट करून ठेवू नका.

---

जालन्याची_ताई

गोदाकाठ म्हणतात ते सुरक्षेपुरतं पूर्ण खरं. पण मी वेगळा फोल्डर वाईट म्हणणार नाही. कोअर वेगळं आणि आपलं साहित्य वेगळं ठेवलं की गिटमधे (कोडमधले बदल नोंदवायचं साधन) फक्त आपलं कोड राहतं, अपडेट करताना काय कुणाचं ते स्वच्छ दिसतं. बेडरॉक नावाची तयार मांडणी आहे ती हेच करते, वर्डप्रेस एका फोल्डरमधे आणि कंटेंट "ॲप" नावाच्या फोल्डरमधे, प्लगइन कंपोझरनं (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) यायचे. एकट्या माणसाच्या साईटला तेवढं लागत नाही. पण तुमचं आता बसलंय, उगाच उलटं फिरवू नका, परत 612 ठिकाणं हलवावी लागतील. फक्त ती दोन कॉन्स्टंटची ओळ का टाकली ते कॉन्फिगमधे कमेंट म्हणून मराठीत लिहून ठेवा, पुढच्या माणसाला लागंल.

---

बीडकर_पीएचपी

आणि साईटच्या मुळाशी जुनी डब्ल्यूपी-सेटिंग्ज फाईल चुकून राहिली नाही ना तेही बघा. कॉन्फिग फाईल कोअरच्या एक पायरी वर ठेवलेली चालते, पण त्याच पायरीवर डब्ल्यूपी-सेटिंग्ज पण असंल तर वर्डप्रेस ती कॉन्फिग आपली मानत नाही आणि नवीन इन्स्टॉलचं पान दाखवतं. कुणी चुकून जुना बॅकअप मुळाशी उलगडला की हे होतं.

---

मांजराकाठ

नाही, मुळाशी फक्त इंडेक्स, एचटीॲक्सेस, कॉन्फिग आणि दोन फोल्डर आहेत. कमेंट पण लिहिली मराठीत.

शेवटची अडचण. गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचे माती परीक्षणाचे आणि बियाणं बुकिंगचे पीडीएफ जुन्या पत्त्यानं फिरायलेत, ते आता उघडंनात. ग्रुपवरचे मेसेज मी कसे बदलू?

---

संभाजीनगरचा_होस्टवाला

मेसेज नाही, दार बदला. एचटीॲक्सेसमधे रिडायरेक्टमॅच 301 ची एक ओळ लिहा, डब्ल्यूपी-कंटेंट/अपलोड्स पुढं जे काही असेल ते साहित्य/अपलोड्स पुढं जसंच्या तसं पाठवायचं. वर्डप्रेसच्या बिगिन आणि एंड या दोन कमेंटच्या मधे लिहू नका, पर्मालिंक सेव्ह केलं की वर्डप्रेस तो मधला भाग पुसून नवा लिहितं. त्याच्या वर लिहा. फक्त अपलोड्सपुरतंच करा, प्लगइन्सला लावू नका, तिथं जुनी चूक राहिली असंल तर ती झाकली जाईल.

---

मांजराकाठ

टाकली, बिगिनच्या वर. माझ्याकडं उघडायलंय. कुणी बाहेरून बघंल का, मी इथं सारखं बघून माझ्या मोबाईलचा भरवसा वाटंना.

---

परभणीकर

मी आज औशाला पाहुण्याकडं आलोय. त्यांच्या ग्रुपवरची मागच्या जूनची लिंक दाबली, माती परीक्षणाचं पीडीएफ उघडलं, पत्त्यात साहित्य दिसलं. मग भावाचा तक्ता उघडला, पाहुण्याला दाखवला. तूर, हरभरा, सोयाबीन तिन्ही आलेत, चार आकडीच आहेत.